शंखोद्धारच्या खाडीतला हंस

आप्पांची नजर पूर्ण जाण्याआधी त्यांच्या हाताखाली एक हंस आणून ठेवायचा, एवढ्यासाठीच आम्ही बडोद्याहून निघालो होतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, शरच्चंद्र. तरुणपणी संस्थानाच्या पाहणीच्या कामावर असताना त्यांनी शंखोद्धार बेटाच्या खाडीत एक हंस पाहिला होता. खराखुरा, पांढरा, नारिंगी चोचीचा. परतल्यावर एका सभेत ते त्याविषयी बोलले, आणि लोक हसले. काठेवाडात हंस कुठला? रोहित पक्षी पाहिला असेल, नाही तर ताप चढला असेल! उडताना त्याचे पंख गुणगुणतात, असे आप्पांनी सांगितले, तेव्हा तर सभेत हास्याचा कल्लोळ झाला. त्यानंतर ते कुठल्याच सभेत बोलले नाहीत.

आता त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया फसली होती. त्या थंडीत बेटाहून आलेल्या एका यात्रेकरूने खाडीतल्या मोठ्या पांढऱ्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. आप्पा मला म्हणाले, "घेऊन ये, निरू. हातानं बघीन."

मी कॉलेजात विज्ञान शिकले होते आणि संग्रहालयात पक्ष्यांची कपाटे लावत होते. सोबत होते दत्ताजीकाका, आप्पांचे जुने मित्र. पक्ष्याचे कातडे सोलून, कापूस भरून तो जिवंत वाटेल असा उभा करण्यात त्यांचा हातखंडा. बदकांच्या कपाटात त्यांनी हंसासाठी लाकडी बैठकही करून ठेवली होती. ती कित्येक वर्षे रिकामीच होती. काकांचा नेम आता राहिला नव्हता, म्हणून बंदूक माझ्याकडे होती.

ओख्याहून बेटावर पोहोचलो तो दिवस अवसेचा. हमीर नावाचा होडीवाला निघायला तयार होता. काका तयार नव्हते.

"अवसेला मी कामाला हात लावत नाही. तुझ्या बापानं लावला होता. पुढे सगळे हसले, ठाऊक आहे ना?"

मी वाद घातला नाही, कारण माझे गणितही तेच सांगत होते. अवसेला सूर्यचंद्र एकाच दिशेने ओढतात, म्हणून भरती मोठी. दोन दिवस थांबलो तर पाणी सौम्य होईल. पण समुद्र त्या ओढीला लगेच जबाब देत नाही. त्या खाडीतली सर्वांत मोठी भरती अवसेनंतरच्या बीजेलाच येते, हे पुस्तकात नव्हते. हमीरला वाटले, बडोद्याची शिकलेली माणसे पाणी बघूनच दिवस ठरवत असतील. त्याने होडी परत बांधून ठेवली.

बीजेच्या सकाळी ओहोटी इतकी दूर गेली की आम्ही खूश झालो. हमीरने आम्हाला चिखलाच्या कडेला उतरवले. "बेन, पाणी वळे एटले पाछा, पाणी वळलं की परत फिरा," तो म्हणाला. "गाळात होडी नाही येणार. मी इथे खोल पाण्यात आहे."

चिखलावरून सरकायची एक लांब फळी ओढत आम्ही आत शिरलो; काकांच्या गळ्यात कापसाची पिशवी होती. तिवरांच्या मागे पाण्याची उथळ तळी पसरली होती आणि त्यांवर चक्रवाकांच्या जोड्या, लांब शेपटीची तलवार बदके, चोचीने पाणी चाळणारी थापटी बदके अशी दाटी होती की मधले पाणी दिसत नव्हते. करड्या हंसांचा, म्हणजे रानकलहंसांचा, एक थवा दूर कुरबुरत होता. पांढरे मात्र काही नव्हते. शिंपल्यांनी पाय कापले. प्यायचे पाणी संपले. परत फिरायचे ठरवले.

आणि तो दिसला! बंदुकीच्या टप्प्याच्या बऱ्याच पलीकडे, एका प्रवाहात, मान वाकवून.

काका चार पावले पुढे धावले आणि मांडीपर्यंत गाळात गेले. मी फळीवर आडवी पडून त्यांचे हात ओढले. ते हलले नाहीत. तेवढ्यात माझ्या कोपराखाली गार पाणी सरकले. भरती वळली होती.

"काका, जोर लावा."

"जोर लावला की आणखी आत जातोय. तू तिकडे बघ."

चढत्या पाण्याबरोबर हंस आमच्याकडे वाहत येत होता. शांतपणे, सरळ.

"येतोय टप्प्यात," काका कुजबुजले. "हलू नकोस."

पाणी त्यांच्या कमरेला लागले.

"मी मोकळे करते तुम्हाला."

"कशानं? नखांनी? शांत राहा. मी टिकतो. तो परत यायचा नाही."

कशाने, ते मला ठाऊक होते. ओढायला गेले की तळव्याखाली पोकळी होते आणि गाळ पाय धरून ठेवतो. तळव्यापर्यंत पाणी पोहोचले तर पाय सुटेल. त्याला नळी हवी. नळी माझ्या हातात होती.

हंस आणखी जवळ आला. त्याच्या चोचीच्या बुडाशी असलेली काळी गाठ मला दिसली. आणखी थोडा वेळ, आणि नेम चुकला नसता. पाणी काकांच्या छातीला लागले होते.

मी बंदूक बिजागरीपाशी उघडून काडतुसे बाहेर काढली.

"निरू! अगं वेडी का काय?"

"तुमचा कापूस द्या."

नळ्यांच्या तोंडात बोळे कोंबले. काकांच्या पायालगत बंदूक तोंडाकडून खाली दाबली. दाबली, आणखी दाबली. वरचे उघडे टोक पाण्याखाली गेले आणि नळ्यांत पाणी शिरले. बोळे सुटले. गाळातून बुडबुडे आले आणि काका ओरडले, "सुटला!" मग दुसरा पाय. आता पाणी हनुवटीशी होते. मी त्यांची कॉलर धरून स्वतःला मागे झोकून दिले आणि ते फळीवर आले. बंदूक गाळातच राहिली.

आमच्या धडपडीने हंस बिचकला. पाण्यावर धावत धावत तो उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला.

ज्या भरतीने बुडवायला घेतले होते, तिनेच होडी आत आणली. तिवराला धरून लोंबकळत असलेल्या आम्हाला हमीरने वर घेतले. पुढे बरेच दिवस आम्ही बेटावर राहिलो. हंस आला नाही.

बडोद्याला आप्पा खाटेवर बसले होते. चाहूल लागताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांत ठेवायला माझ्याकडे काही नव्हते.

"माझ्या पायी गेला रे," काका म्हणाले. "हिनं ऐकलं नाही."

आप्पांनी हात मागे घेतले. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. मी ते घातले.

"आप्पा, त्याचे पंख गुणगुणतात."

 चाचपडत आप्पांनी काकांचा गुडघा शोधला आणि त्यावर थाप मारली.

"दत्ता, आता खोटारडे तीन झाले."