उमाबाईंचे लाल ठिपके

खण्ण…

ओट्यावरची वाटी घरंगळली आणि सगळं घर दचकलं.

विद्युल्लताने श्वास रोखला. चिऊ कुशीवर वळली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली.

खोटं वाटेल, पण हे घडलंय. देवासला, मागच्या श्रावणात. रात्री नव्हे… भर दुपारी अडीच वाजता. चार वर्षांची लेक झोपली की आईच्या हाती जो दीड तास लागतो, त्यात.

पंखा बंद. फ्रिज बंद. दाराला गादी टेकवलेली. टेबलावर माइक, मंडळाचा साउंड सांभाळणाऱ्या भैयासाहेबांचा मिक्सर आणि त्याला जोडलेला मोबाइल.

धारला समाजाच्या गणेशोत्सवात मुख्य भजन एकाच बाईने म्हणायचं असतं. वीस वर्षं तो मान उमाबाईंचा. त्या चैत्रात गेल्या. आता जिला गायचंय, तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा होता.

विद्युल्लताला तो मान हवाच होता. सात वर्षं ती उमाबाईंच्या मागे बसून झांजा वाजवत आली होती. कधी गायलीच, तर बायका म्हणायच्या, "छान हं. पण उमाबाईंची सर नाही."

बाई गेल्या, तरी ते वाक्य काही गेलं नाही.

भैयासाहेब प्रत्येक गाणारीचं सेटिंग मिक्सरच्या बटणांपाशी नेलपॉलिशच्या ठिपक्याने नोंदवून ठेवत. विद्युल्लताचा ठिपका नव्हताच. झांजेला कसलं सेटिंग!

मिक्सर देताना त्यांनी बजावलं होतं, "बेटा, तुझा आवाज पातळ. खालचा बेस थोडा वाढव, वरचा ट्रेबल कमी ठेव, नाहीतर 'स' शिट्टीसारखा कानात घुसेल. आणि हे लाल ठिपके उमाबाईंचे. तिकडे जाऊ नको."

"का हो?"

"भरदार गळ्याचं माप आहे ते. तुला कुठलं बसतंय!"

ते हसले. हिला मात्र झोंबलं.

"सगळी या बटणांचीच तर करामत," ती पुटपुटली. आणि तिन्ही बटणं लाल ठिपक्यांवर नेली.

बेस जवळजवळ शून्यावर. मिड मधोमध. ट्रेबल पार वर.

हेडफोन लावून ती पहिली ओळ गायली.

आवाज चिरका यायला हवा होता, पत्र्यासारखा.

पण…

आवाज भरदार आला. खोल. उतारवयातला.

तिने भराभर बटणं उलटी फिरवली. बेस वर, ट्रेबल खाली.

काहीच बदललं नाही.

मग हेडफोनमध्ये ऐकू आला… पुढच्या ओळीआधीचा एक लांब श्वास.

तिने श्वास घेतलाच नव्हता.

तिने माइकची वायर उपटली.

मिक्सरवरचे हिरवे दिवे नाचतच राहिले… कडवं संपेपर्यंत.

मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, मिक्सर परत द्यायचा, एवढंच तर करायचं होतं. बोट गेलंही होतं तिथे. पण तिला त्या बायकांची तोंडं दिसली…

तिने ते धारला पाठवलं. स्वतःच्या नावाने.

संध्याकाळी भैयासाहेबांचा फोन. "अगं, साक्षात उमाबाई बसल्यासारखं वाटलं! सगळे मान गए. गणपतीत तूच."

सात वर्षांनी कौतुक झालं. तेही उमाबाईंचंच.

दुसऱ्या दुपारी तिने चिऊला मांडीवर घेतलं. केसांवरून हात फिरवत रोजची अंगाई सुरू केली. दुसऱ्या ओळीला चिऊचे डोळे मिटतात. रोज.

आज मिटले नाहीत.

ती आईच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मग तिने इवलासा हात आईच्या गळ्यावर ठेवला. चाचपून पाहिलं.

"आई, ही दादी छान गाते," ती हळूच म्हणाली. "पण तू कधी गाणार?"