सहा बारांचा दाखला

माघातली पहाट होती. सुकाईगडाच्या पायथ्याची खोरी धुक्याने काठोकाठ भरली होती, पूर्वेच्या बुरुजावर अजून तांबडे फुटायचे होते, आणि नगारखान्यात नौबत झडायच्या आतच शिलेखान्याचे दार उघडून गडाचे दारोगा दावलजी भोईटे उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते. तीस वर्षे गडाची हत्यारे या माणसाच्या ताब्यात होती. तलवारीच्या पात्यावरून बोट फिरवून ती कुठल्या मुलखात घडली हे ते अचूक सांगत, आणि सांगताना आपल्याकडे कोण कोण पाहते आहे याकडेही त्यांचे बारीक लक्ष असे. मान मोठा होता, आणि स्वारी स्वतःला त्याहून थोडी मोठीच समजत असे.

त्या सकाळी निवड करायची होती ती पिस्तुलाची. तेही साधे नव्हे, सहाबारी. फिरत्या चाकात सहा बार ठासून ठेवायचे आणि चाप ओढत जायचे, असे ते नवे हत्यार. आज आपण त्याला रिव्हॉल्व्हर म्हणतो.

गरजही तशीच पडली होती. सुकाईगडाच्या राणी उमाबाईसाहेब विधवा होऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्यांचे चुलतदीर जयाजीराव गादीवर डोळा ठेवून होते. आता त्यांनी समेटाची भाषा काढली होती. माघी पौर्णिमेला पायथ्याच्या देवराईत भेट व्हावी, दोन्हीकडून पाचच असामी असाव्यात, तलवारी राईबाहेर ठेवाव्यात, असा त्यांचा निरोप होता. जयाजीरावांच्या शब्दावर गडावरचे कुत्रेही विश्वास ठेवत नव्हते. पण भेट नाकारावी तर ते कंपनी सरकारच्या साहेबापुढे कागाळी घेऊन जायला मोकळे. म्हणून राणीसाहेबांचा अंगरक्षक निळोजी माने याच्या अंगरख्याखाली एक आखूड हत्यार असावे, असे ठरले होते.

नामांकित पेढ्यांची पिस्तुले कंपनी सरकार संस्थानिकांच्या हाती पडू देत नसे. तेव्हा निवड करायची ती अनोळखी कारागिरांच्या मालातून. सतरंजीवर दोन नग मांडलेले होते. एक होते गडाखालच्या पेठेतल्या लिंगाप्पा जिनगराने घडवलेले, काळसर, ओबडधोबड मुठीचे, अंगावर कसलीच खूण नसलेले. दुसरे उत्तरेकडच्या एका सौदागराने आणलेले, आरशासारखे झळझळीत, आणि त्याच्या नळीवर विलायतेतल्या एका बड्या पेढीची छाप होती.

त्या छापेवरून दारोग्यांची नजर हलेना.

गडाचा रिवाज कडक होता. नव्या हत्याराचे पहिले सहा बार ज्याने ते घडवले त्याने स्वतःच्या हाताने उडवायचे. तो हजर नसेल तर दारोग्याने. मगच दाखला लिहायचा. लिंगाप्पाने मुजरा केला, आपले पिस्तूल उचलले आणि तटाबाहेरच्या खडकावर नेम धरून एकामागून एक सहाही बार काढले. चाक कुठे अडले नाही की अडखळले नाही.

"आता ह्येचं बी व्हऊ द्या, दारोगासाहेब," तो म्हणाला.

दावलजींनी पिस्तुलाला हात लावला नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी एक बंदूक फुटली होती आणि तिने त्यांच्या सोबत्याचे अर्धे तोंड नेले होते. तेव्हापासून बार काढायचा म्हटले की त्यांचे हात गार पडत. हे त्यांनी कुणाला कळू दिले नव्हते, आणि कारागीरच बार उडवत असल्याने कळण्याची वेळही आली नव्हती. विलायतेचा कारागीर मात्र सुकाईगडावर यायचा नव्हता.

"लिंगाप्पा, ही छाप पाहिलीस?" ते आवाज चढवून म्हणाले. "अशा पेढीच्या हत्यारावर शंका घ्यायची, म्हणजे उद्या सूर्याला काजळी लागली का तेही पाहायचे!"

"म्या अडानी मानूस, माफी असावी. पन येवढ्या मोठ्या पेढीचं हत्यार राजेरजवाड्यांस्नी मिळंना, ते आपल्या घाटात आलं कसं? छाप काय, कुनीबी ठोकतंय. चाक बघा. घोडा चढवा न् चाक बोटानं ढकला. हलतंय. भोक नळीम्होरं नीट थांबलं न्हाई, तर गोळी जाईल कुठं?"

सौदागर हसला. ते हसणे आपल्याला उद्देशून आहे असे दारोग्यांना वाटले, आणि जिनगराने आपल्याला हत्यारांची पारख शिकवावी याने त्यांचे डोके फिरले. त्यांनी पिस्तूल उचलले, हात लांब केला, डोळे मिटून घेतले आणि एक बार काढला. पिस्तूल फुटले नाही. त्यांनी ते घाईघाईने सतरंजीवर ठेवून दिले.

"एवढे पुरे. हेच घ्यायचे."

कारकुनाने लेखणी दौतीत बुडवली आणि खालच्या मानेने विचारले, "दाखल्यात बार किती लिहू, दारोगासाहेब?"

दावलजींनी नळीवरच्या छापेकडे पाहिले.

"सहा," दावलजी म्हणाले. "रिवाज आहे."

लिंगाप्पाने आपले पिस्तूल फडक्यात गुंडाळले आणि मुजरा न करता निघून गेला. त्याला परत बोलावून खडसावण्याची हिंमत दारोग्यांना झाली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी राणीसाहेबांची पालखी दरवाजातून बाहेर पडत असताना तोच लिंगाप्पा वाटेत आडवा आला. पाच असामींपैकी एक म्हणून निघालेल्या दावलजींना त्याने बाजूला घेतले आणि फडक्यातले पिस्तूल त्यांच्या हातात ठेवले. "शिलेखान्यात नगं तर नगं. तुमच्या कमरंला तरी असू द्या. ठासल्यालं हाय." नाही म्हणायला दारोग्यांना तोंड उरले नव्हते. त्यांनी ते शेल्याखाली खोचले.

गड उतरताना निळोजी त्यांच्या शेजारीच चालत होता. पंचविशीतला हा गडी दावलजींच्याच हाताखाली दांडपट्टा शिकला होता आणि त्यांना काका म्हणत असे. त्याने अंगरख्यावरून पिस्तूल चाचपले आणि तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही पाहिलेलं हत्यार आहे, म्हणजे मला घोर नाही." पिस्तुले बदलायला एका झाडाचा आडोसा पुरला असता. पण बदलायचे तर कारण सांगावे लागणार होते. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, असे करत करत पायथा आला, आणि दावलजी काही बोलले नाहीत.

देवराईत जयाजीराव फारच गोड बोलले. "वहिनीसाहेब, झाले गेले विसरून जावे. आम्ही आपल्या पायाशी आहोत," असे म्हणत ते खाली वाकले, आणि हीच खूण असावी, कारण देवीच्या दगडी चौथऱ्यामागून सात जण नंग्या तलवारी घेऊन धावले. निळोजी विजेसारखा राणीसाहेबांच्या पुढे आला. पहिल्या बाराला एक मारेकरी कोसळला. दुसऱ्या बाराला चाक अर्ध्यातच थांबले, भोक नळीसमोर आले नाही, आणि ते झळझळीत पिस्तूल निळोजीच्या मुठीत फुटले. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. तरी तो हटला नाही. मारेकऱ्याची पडलेली तलवार डाव्या हाताने उचलून तो राणीसाहेबांपुढे उभा राहिला आणि ओरडला, "काका, आईसाहेबांना सांभाळा!"

दावलजींचा हात शेल्याखालच्या मुठीवर होता. हात तिथेच राहिला. फुटलेल्या पिस्तुलाचा धूर नाकात गेला आणि बारा वर्षांपूर्वीचा तो सोबती त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते नुसतेच पाहत राहिले.

त्यांच्या कमरेचे पिस्तूल ओढून घेतले ते उमाबाईसाहेबांनी. त्यांनी बार काढायला सुरुवात केली, आणि चार बारांत तीन माणसे पडली. उरलेल्यांनी पळ काढला. जयाजीराव घोड्यावर चढताना राईबाहेर थांबलेल्या गडाच्या शिबंदीच्या हाती सापडले. तो सौदागर त्यांचाच माणूस होता की नुसताच लबाड, हे मात्र कधी कळले नाही. तो आदल्याच दिवशी घाट उतरून गेला होता.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. निळोजी पट्ट्यांनी बांधलेला हात छातीशी धरून मानाच्या जागी बसला होता. राणीसाहेबांनी दावलजींना पुढे बोलावले. तबकात सोन्याचे कडे होते.

"दारोगा, विलायती हत्याराने दगा दिला, त्यात तुमचा काय दोष? तुम्ही तर सहा बार पारखून घेतले होते. वर आणखी एक हत्यार जवळ बाळगलेत आणि ऐन वेळी आमच्या हाती दिलेत. ही दूरदृष्टी दौलत विसरणार नाही."

हाती दिलेत! त्या गदारोळात राणीसाहेबांना तसेच वाटले होते. कारकुनाने मान खाली घातली. दाराशी, चपलांजवळ, लिंगाप्पा उभा होता. तो आता बोलेल, अशी दावलजी वाट पाहत राहिले. तो बोलला नाही. त्याने फक्त नजर दुसरीकडे वळवली, आणि त्या नजर वळवण्याने दारोग्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. मुकाट्याने हात पुढे केला असता तर कडे त्यांचे होते, आणि उरलेला जन्मही मानाने गेला असता.

"आईसाहेब," ते म्हणाले, "ते कडे माझ्या हाताला शोभणार नाही. मी एकच बार उडवला. तोही डोळे मिटून. सहा लिहायला मीच सांगितले. मला बाराची भीती वाटते, बारा वर्षे वाटते आहे. दुसरे हत्यार लिंगाप्पाने बळे दिले. आणि ते मी आपल्या हाती दिले नाही; आपण ओढून घेतलेत, कारण माझा हात हलला नाही."

उमाबाईसाहेबांनी तबक बाजूला सारले. मग त्यांनी शांतपणे सांगितले, "शिलेखान्याच्या किल्ल्या खाली ठेवा. लिंगाप्पा, त्या उचल. यापुढे दारोगा तू." लिंगाप्पा पुढे आला, पण किल्ल्या उचलताना त्याचा चेहरा पडलेला होता.

"आणि शिक्षा?" दावलजींनी विचारले. त्यांना शिक्षा हवी होती. फटके, कैद, कडेलोट, काहीही चालले असते.

"बोटे ज्याची गेली, त्याला विचारा," राणीसाहेब म्हणाल्या.

दावलजी निळोजीपुढे जाऊन उभे राहिले. तो थुंकेल, शिव्या देईल, डाव्या हाताने एक ठेवून देईल, या सगळ्याची त्यांनी मनाची तयारी केली होती. निळोजीने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण राग नव्हता.

"काका, भीती वाटते एवढं मला हळूच सांगायचं होतंत. राहिलेले पाच बार मी उडवले असते, आणि कुणाला कळूही दिलं नसतं."