शुक्रवारचा उलट फोन

बोईसरात शुक्रवारी चोरसुद्धा सुट्टी घेतात. अख्ख्या औद्योगिक वसाहतीची ती साप्ताहिक सुट्टी. कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर असा बंद, की माश्यांनासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं होतं. अशाच एका शुक्रवारी, सत्त्याण्णव साली, चिंचणीची जयवंती रंगाच्या कारखान्यात एकटीच कॉम्प्युटरच्या खोलीत बसली होती. आठवड्याच्या हिशेबाची नक्कल उतरवायची होती.

एवढ्यात मुंबई ऑफिसशी कॉम्प्युटर जोडणारा फोनलाइनवरचा मोडेम किंचाळला. आवाज असा, की शेजारच्या घिवली गावच्या कोंबड्यांनी दुपारी बांग दिली म्हणतात. पडद्यावर अक्षरं उमटली: "स्टोअरचे नरहरी आत आले."

"देवूदादा, नरहरीभाऊ आलेत का?" तिनं खिडकीतून विचारलं.

"नाय वो ताय," वॉचमन हसला. "सकालीच पिशवी घेऊन सातपाटीला गेलं, पापलेट आनाया."

म्हणजे नरहरीभाऊंच्या नावानं फोनवरून कुणी दुसरंच कॉम्प्युटरात शिरलं होतं. नोकरी आहे तोवर स्थळं बघायची नाहीत, असा जयवंतीचा वडिलांशी, अण्णांशी करार होता. चोरी झाली तर नोकरीही जाणार आणि करारही.

तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकलं: "पापलेट मिळालं का?"

पडद्यावर उमटलं, "कसलं पापलेट?"

"नरहरीभाऊ नाही तुम्ही. आणि बोईसरचेही नाही. इथलं माणूस शुक्रवारी कामाला हात लावत नाही."

"मग तुम्ही कुठले?"

"मी राखणदार. काय चोरलंत?"

"अजून काही नाही... आता मोह होतोय."

जयवंतीनं लाइन तोडायला हवी होती. तिनं पदर सारखा केला. कुणासाठी, ते तिलाच ठाऊक.

तो होता पालघरच्या कॉम्प्युटर क्लासमधला मास्तर, पुंडलिक. नरहरीभाऊ त्याच्याकडे शिकायला जात आणि परवलीचा शब्द मोठ्यानं म्हणत टाइप करत: "आ-नं-दी!" बायकोचं नाव. कारखान्याचा फोन नंबरही त्यांनीच कौतुकानं सांगितलेला. पुंडलिक नुसता डोकावायला आला, आणि अडकला.

त्यानंतर जयवंतीला शुक्रवारची कामं फार सुचू लागली. तो विचारी, "आज जेवणात काय?" ती लिही, "सुक्या बोंबलाची चटणी. वास आला का?" तो म्हणे, "आला. फोनचं बिल वसूल झालं."

पण एका शुक्रवारी मुंबईहून साहेबांनी फोन लावला, तर लाइन एंगेज. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फैलावर घेतलं. "सुट्टीच्या दिवशी लाइन एंगेज, म्हणजे कुणीतरी आत घुसतंय. महिनाअखेरपर्यंत दार बंद कर, नाहीतर तुझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल."

तिनं पुंडलिकला सांगितलं. तो लिहू लागला.

"सोपं आहे. मोडेमला उलट फोन करायला शिकवा. कुणीही हाक मारली, की त्यानं नाव ऐकायचं आणि फोन ठेवून द्यायचा. मग आपण होऊन, ओळखीच्या नंबरावरच फोन लावायचा. चोर बसेल वाट बघत."

"आणि तुम्ही?"

"माझाही नंबर शिकवा ना त्याला."

"साहेबांनी विचारलं तर?"

"तर सांगा... माझा माणूस आहे."

खाली पालघरचा नंबर आला. तिनं तो तळहातावर लिहिला.

सोमवारी तिनं मोडेमला मुंबईचा नंबर शिकवला. पालघरचा शिकवायला बोट उचललं, आणि धीर सुटला; बोट तसंच मागे घेतलं. खरंच कुणी विचारलं तर? माझा माणूस, हे शब्द तिनं आरशासमोरही म्हणून पाहिले नव्हते. मनाशी म्हणाली, खरा असेल तर येईल फाटकातून.

शुक्रवारी मोडेम किंचाळला. नाव ऐकलं. ठेवून दिलं. दिवा थरथरून विझला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. त्यानंतर कधीच नाही.

साहेब खूश. कुलूप भलतंच पक्कं निघालं.

फाटकातून कुणी आलं नाही. पावसाळा सरला, तळहातावरचा नंबर केव्हाच धुऊन गेला, पाठ मात्र राहिला. शेवटी एका शुक्रवारी जयवंती पालघरला गेली. क्लासात मंगलाबाई टेबलं पुसत होत्या.

"पुंडलिक सर? बडोद्याला गेले की, मागच्या महिन्यात. शुक्रवार आला की क्लास बंद ठेवून या फोनशी बसायचे. कुणाला हात लावू देत नव्हते. मी म्हटलं, सर, तुमीच लावा ना परत! तर म्हणाले, नाही मंगलाबाई, दोनदा हाक मारून झाली. आता तिकडून यायला हवा."

जयवंती म्हणाली, "मावशी, एक फोन करू?"

ती त्याच्या खुर्चीत बसली आणि आपल्याच कारखान्याचा नंबर फिरवला. पलीकडे मोडेम किंचाळला, थोडा थांबला... आणि कोण की कुठली म्हणून ठेवून दिलं त्यानं.

तिनं रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन उलट फोनची वाट बघत बसली.