फुप्फुसातली ढाबळ

केसाइतका बारीक यंत्रदोरा वैजूच्या नाकातून श्वासनळीत उतरला. ती जागी होती. नाकाघशात फक्त बधिर करणारा फवारा मारला होता. फुप्फुसाच्या टोकाशी दोऱ्याने तिळाएवढा तुकडा गोठवून तोडला, तिथेच तपासला आणि दोरा बाहेर आला. दहा मिनिटं. टाका नाही, काही नाही.

तिचे वडील गणपतराव चौगुले काचेपलीकडून बघत होते. दोन वर्षांपूर्वी असाच तुकडा त्यांच्या बायकोच्या, शालनच्या फुप्फुसाचा घ्यायचा होता. तेव्हा बरगड्यांमध्ये तीन भोकं पाडून दुर्बीण घालत. "तिला झेपायचं नाही," म्हणून गणपतरावांनी सही केली नाही. कारण कळलं नाही, अंदाजाने औषधं चालली, आणि सात महिन्यांत शालन गेली.

डॉक्टर हेरवाडेंनी लेकीला आणि बापाला समोर बसवलं. "फुप्फुसानं वर्षानुवर्षं काय आत ओढलं, ते हा दोरा वाचतो. काका, घरात पक्षी आहेत?"

हाच प्रश्न शालनच्या वेळीही आला होता. तेव्हा ते 'नाही' म्हणाले होते. कबुतरं घरात नव्हतीच, गच्चीवरच्या ढाबळीत होती. शिवाय कुणाचं कबूतर जास्त वेळ उडतं याची स्पर्धा तोंडावर होती, आणि चौगुल्यांचं कबूतर अकरा तास खाली येत नाही असं अख्खं कोल्हापूर म्हणायचं. ढाबळ झाडायची शालन. ती गेल्यावर वैजू.

"चाळीस आहेत," ते म्हणाले. "गच्चीवर."

"मग त्यांच्याच विष्ठेची धूळ ही. वेळेत सापडलंय. कबुतरं गेली, तर ही बरी होईल."

बाहेर आल्यावर वैजू म्हणाली, "बाबा, आईच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी नाही म्हणालो."

रिक्षात ती कडेला सरकून बसली.

दुसऱ्याच दिवशी गणपतरावांनी सगळी कबुतरं निपाणीच्या सलीमला दिली. "महिनाभर कोंडून ठेव, घर विसरतील," म्हणाले. ढाबळ मोडली. तोंडाला फडकं बांधून गच्ची तीनदा धुतली. वैजूचा खोकला उतरत गेला. बापाशी ती जेवायला वाढण्यापुरतंच बोलायची.

महिना संपला, सलीमने कबुतरं सोडली आणि एका सकाळी ती घरी परत आली. आधी सात, मग सगळीच. ढाबळ दिसेना, तशी घरावरच घिरट्या घालू लागली. लवकर उतरलं की दाणा मिळत नाही, हे गणपतरावांनीच त्यांना शिकवलं होतं. पिल्लं असल्यापासून.

ते गच्चीवर काठी घेऊन उभे होते. काठी उचलवत नव्हती.

जिन्यात वैजू आली. नाकावर पदर धरून तिने वर बघितलं.

"अकरा तास फिरतील ना, बाबा?"

"हो."

"आणि मग कुठं उतरतील?"