जिन्याखालचा राउटर

रुचितानं कागद टेबलावर आपटला, तेव्हा वेणूबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"वाचा! आणि सांगा, मी वेडी हाय का?"

वेणूबाई म्हात्रे टेलिफोन खात्यात तीस वर्षं वायरी जोडून निवृत्त झाल्या होत्या. आता अलिबागेत खासगी तपासाची कामं घेत. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जोडीला निवृत्त हवालदार काळूराम. ते स्कूटर उत्तम चालवत आणि समोरचा जे सांगेल ते खरं मानत. असा माणूस पोलिसात टिकला कसा, हे वेणूबाईंना आजवर उमगलं नव्हतं.

पत्र मुंबईच्या नर्सिंग कॉलेजचं होतं. रुचितानं आपली जागा स्वतःहून सोडली आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तिच्याच पासवर्डनं, तिच्याच घरच्या इंटरनेटवरून. सबब तक्रार अमान्य. दुसऱ्या कुणी हे केलं असेल, तर त्याची लेखी कबुली आज पाचपर्यंत पाठवावी. त्यानंतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"अकरा वीसला तू कुठे होतीस?"

"रेवसच्या लाँचमध्ये! भाऊच्या धक्क्याला चालले होते, मेडिकलचा दाखला आणायला. दोन वर्षं अभ्यास केला मी या जागेसाठी. आईचं सगळं करून!"

"हवालदार, स्कूटर काढा," वेणूबाई म्हणाल्या. घड्याळात दीड वाजला होता.

गाव रेवसच्या अलीकडे, खाजणाच्या काठाला. ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी वेणूबाईंनी स्कूटर थांबवायला लावली. 'दर मंगळवारी सकाळी १० ते २ लाइट बंद राहील.' त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आज तर गुरुवार," काळूराम म्हणाले.

"चला तुम्ही."

घर दुमजली. खाली रुचिता आणि तिची आई मैना. वर थोरला भाऊ अल्पेश आणि त्याची बायको साक्षी. वडील चांगदेव तीन वर्षांपूर्वी गेले. त्याच महिन्यात मैनाला अर्धांगवायू झाला. शेजारचं घर चुलत्याचं. तिथे चुलतभाऊ स्वप्निल.

"मोबाईलला घरात रेंजच नाही," रुचिता म्हणाली. "फोन करायचा तर बांधावर जावं लागतं. म्हणून वायरचं नेट घेतलं. कनेक्शन एक, वापरणारे तीन. पैसे वाटून घेतो."

"म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तिघं एकच दिसणार. वायरी दाखव."

राउटर जिन्याखाली होता, इन्व्हर्टरच्या शेजारी; जुना, वाय-फाय नसलेला. त्याला केबलची चार भोकं. पहिल्यातून एक वायर मैनाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला गेली होती. दुसऱ्यातली बाहेर पडवीत. उरलेली दोन मोकळी. वेणूबाईंनी बॅटरी लावली. तिसऱ्या भोकातल्या पितळी पट्ट्या खाऱ्या वाऱ्यानं हिरव्या पडल्या होत्या, वर कोळिष्टक. चौथं भोक स्वच्छ होतं.

पडवीतली वायर भिंतीवरच्या स्विचला जोडलेली होती. एका वायरच्या अनेक करणारी ती छोटी पेटी. तिथून एक वायर वर अल्पेशकडे, एक स्वप्निलकडे. पेटीचा प्लग पडवीच्या बोर्डात होता.

"हा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे?"

"नाही. इन्व्हर्टरवर फक्त घरातले दिवे, पंखे, आईच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि राउटर."

मैना खाटेवर टेकून बसली होती. अर्धं शरीर लुळं, नजर मात्र लख्ख.

"मंगळवारी या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं, मैनाबाई?"

"कोन बी न्हाय," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "मी जागीच व्हते. तेच्यावरचा फडका बी कोनी काडला न्हाय."

स्वप्निलला बोलावलं, तर तो भांडायच्या तयारीनंच आला.

"मला माहीत होतं, माझ्यावरच येणार! वायरी मी टाकल्या ना! गेल्या महिन्यात रुचीशी वाजलं पण होतं माझं. पण मंगळवारी लाइट कुठे असते यार? माझा कॉम्प्युटर बंद. मोठा डबा आहे तो, बॅटरीवर थोडाच चालतो?"

"इथे शेवटचा कधी आलास?"

"दिवाळीला. काकीला विचारा."

मैनानं मान हलवली.

अल्पेश वर एकटा होता; साक्षी रोज सकाळी नऊलाच नोकरीवर जाई. कंटेनर यार्डात गाड्यांच्या नोंदी ठेवायचं काम, मंगळवारी आणि गुरुवारी घरून. खोलीत खोकी रचलेली. दोनांत भांडी भरून झाली होती. एकावर मार्करनं 'उलवे - किचन' लिहिलेलं.

"नवीन घर का?" वेणूबाईंनी विचारलं.

"भाड्याचं. पुढच्या महिन्यात जातोय. बाई, मी तुम्हाला साफ सांगतो, त्या स्वप्निलला धरा. मी मंगळवारी अकरा ते बारा याच खुर्चीत मीटिंगमध्ये होतो." त्यानं लॅपटॉप वळवला. "हे बघा. नाव, वेळ, सगळं आहे. मधे एक मिनिटही तुटलेलो नाही."

"रुचिताचा फॉर्म कुणी भरला होता?"

"मीच, याच लॅपटॉपवर. माझी बहीण आहे ती! मी तिचं वाईट करीन?"

काळूराम जिना उतरताना हळहळले. "पोरगा सुटला, बाई. पुरावाच आहे त्याच्याकडं."

"आहे ना," वेणूबाई म्हणाल्या. "त्यानं स्वतःच्या हातानं दिला."

सव्वातीनला त्यांनी सगळ्यांना मैनाच्या खोलीत बसवलं. स्वतः पडवीत गेल्या आणि स्विचचा प्लग उपटला.

"अल्पेश, वर जा. लॅपटॉपवर काहीही उघडून दाखव."

तो गेला. दोन मिनिटांत परत आला. चेहरा उतरलेला.

"नेट नाहीये."

"नसणारच. मंगळवारी दहा ते दोन हेच होतं. लाइट गेली की पडवीतला स्विच मरतो. स्विच मेला की तुझी वायर मेली आणि स्वप्निलचीही. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर जिवंत. मग अकरा ते बारा तू वर बसून मीटिंग कशी केलीस?"

"मोबाईलवरून..."

"रेंज नाही म्हणून तर वायरी टाकल्यात!" वेणूबाई कडाडल्या. "मंगळवारी या दोन घरांत नेट फक्त जिन्याखाली आणि या खोलीत होतं, आणि इथल्या कॉम्प्युटरवरचा फडकाही हलला नाही. तू लॅपटॉप घेऊन खाली आलास आणि राउटरच्या चौथ्या भोकात वायर खुपसलीस. या हवेत न वापरलेलं भोक हिरवं पडतं. शेजारचं तिसरं पडलंय, चौथं लखलखीत आहे. दर मंगळवारी तू तिथेच बसून काम करतोस. खाटेवरून आईला जिन्याखालचं दिसत नाही."

"मग बसलो खाली! त्यात काय गुन्हा आहे?"

"खाली बसण्यात काही नाही. मग मला 'याच खुर्चीत' का सांगितलंस? अकरा वीसला नेट एकाच जागी होतं, तिथे एकच माणूस होता आणि त्याच्याच लॅपटॉपवर हिचा फॉर्म भरलेला, म्हणजे पासवर्डही तिथेच. मीटिंगमध्ये नुसतं ऐकत बसायचं, तेवढ्यात बहिणीची जागा सोडायला कितीसा वेळ लागतो?"



"पण का?" रुचिता ओरडली. "दादा, का?"

"खोकी बघितलीस ना वरची?" वेणूबाई म्हणाल्या. "तू मुंबईला गेलीस, तर आई कुणाकडे राहणार? याला उलव्याला आईला न्यावं लागलं असतं."

"मग काय चुकलं माझं?" अल्पेश एकदम उसळला. "दोन खोल्यांत खाट कुठे टाकू? साक्षीनं काय जन्मभर हेच करायचं? रुचीला करायची सवय आहे!"

रुचितानं त्याच्या कानाखाली वाजवली. कुणी तिला अडवलं नाही.

मैनानं चांगला हात उचलला. सगळे थांबले.

"अल्प्या," ती म्हणाली. एकेक शब्दाला तिला दम लागत होता. "मी पोर जन्माला घातली, ती काय माजा मूत कारायला? बस तिथं. लिव्ह. समदा खरा लिव्ह."

तो खाटेशेजारच्या कॉम्प्युटरपुढे बसला. वेणूबाई मागे उभ्या राहिल्या आणि त्यानं शब्द मऊ केला की पुन्हा लिहायला लावत राहिल्या. चार वाजून दहा मिनिटांनी कबुली गेली. रुचिता फोन घेऊन बांधावर धावली.

ती परतली तेव्हा पावणेपाच झाले होते. डोळे लाल, पण मान ताठ.

"जागा राहिली. सोमवारी हजर व्हायचंय."

मैनानं डोळे मिटले, मग उघडले. "मना तान लागली," ती म्हणाली.

रुचिता सवयीनं तांब्याकडे वळली.

"तू नको," मैना म्हणाली. "तो देल."

अल्पेशनं पेला भरला. खाटेपाशी आला आणि आईच्या वाकड्या झालेल्या ओठांकडे बघत तसाच उभा राहिला.

"कुठल्या बाजूनं पाजायचं?" त्यानं विचारलं.

 रुचिता बॅग काढायला आत गेली. मैनानं बोटानं आपल्या तोंडाची उजवी कड दाखवली.