कुपवाडच्या शेडमधलं पिवळं विमान

मोबाईल ठेवा खिशात. शेकोटीचा उजेड पुरे झाला. आणि मधेच 'आबा, भूत असतंय का' असं कुणी विचारायचं नाही. असतंय का नसतंय, मला माहीत नाही. मानसिंग पेंटर मला माहीत आहे. तो खोटं बोलत नाही. मुळात तो बोलतोच कमी. सूरज, दात काढायचे असतील तर तिकडं उसात जाऊन काढ.

गेल्या सालची दत्तजयंती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी मानसिंग कुपवाडातनं सांगलीला निघाला. काम साधंच. थिनरचा डबा आणायचा, चिकटपट्टीची बंडलं आणायची. स्कुटर जुनी, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर कर्णे ठणाणा करतायत. मानसिंग आपला कडेकडेनं गेला, सामान घेतलं, चहासुद्धा न पिता माघारी फिरला. उशीर करून चालणार नव्हतं. त्या रात्री रंगाचा शेवटचा हात मारायचा होता आणि सकाळी विमान जायचं होतं.

हां, विमानच. कुपवाडात विमान कशाला, असं तुमचं तोंड सांगतंय. ऐका की जरा.

इस्लामपूरच्या वीरधवलनं ते विकत आणलेलं. ऊसवाल्या घरचं पोरगं, त्याला हा नाद. दोन मजली पंखाचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं जुनं विमान. पंख सोडवून ट्रेलरवर घालून आणलं आणि एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडात ठेवलं. मानसिंगचा मुक्काम त्याच शेडात. जन्मभर त्यानं ट्रक रंगवले. आता सगळे छापील स्टिकर चिकटवतात, पेंटरला कोण विचारतो? राहीबाई, त्याची बायको, वारली. पोरगी संयोगिता पुण्याला, तिचा फोन आला तर आला. माणूस शेडात एकटा, आणि शेड एवढं मोठं की खोकलं तरी आपलाच खोकला परत ऐकू यायचा.

वीरधवल पहिल्या दिवशी म्हणाला होता, "पेंटरकाका, हे साधं विमान नाही. कसरतीचं आहे. आभाळात कोलांट्या मारतं. देशात असली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच."

मानसिंगनं उजवा हात वर केला. तरुणपणी ट्रकवर क्लीनर असताना मागच्या फाळक्यात सापडून त्याची करंगळी गेलेली.

"कुणाच्या बोटांवर?" म्हणाला. "माज्या का तुमच्या?"

विमानाबरोबर एक माणूस आलेला, नाथाजी. हवाई दलातनं रिटायर झालेला, काटकुळा. विमानाचा आधीचा मालक लालासाहेब, त्याच्याकडं ह्यानं विमानाची देखभाल केलेली. नाथाजीनं जुनं कुजलेलं कापड काढलं, नवं ताणून बसवलं, वरनं उग्र वासाचं पातळ औषध मारलं. ते वाळलं की कापड असं ताणायचं, जशी विस्तवावर शेकलेली हलगी. मग मानसिंगचं काम. पॉलिशपेपर, अस्तर, रंग. वरनं पिवळा आणि पोटाकडून तांबडे-पांढरे चौकोन.

"पोट कुणाला दिसतंय? चौकोन कशाला?" मानसिंगनं विचारलं होतं.

"उलटं झालं की खालच्या माणसाला कळाय पायजे, उलटं झालंय म्हणून," नाथाजी म्हणाला.

दोघांचं बोलणं एवढंच. पण मानसिंगला बरं वाटायचं. नाथाजी संध्याकाळी खोलीवर गेला तरी विमान असायचं. राहीबाईशी बोलायचा तसा तो त्याच्याशी बोलायला लागला. आज थंडी लय हाय. आज भाकरी करपली. असलं काहीतरी.

आणि एक दिवस हे झालं. अस्तराचा हात संपला आणि मानसिंगनं सवयीनं विमानाच्या कुशीवर तळहात उचलला. ट्रक रंगवून झाला की तो दोन थापा मारायचा. क्लीनरची सवय. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. पहिली थाप पडायच्या आत नाथाजीनं त्याचं मनगट धरलं.

"ट्रकला मार. हिला न्हाई."

"का? दुखतंय व्हय तिला?"

नाथाजी हसला नाही. "सायेब आत बसायचं. पट्टं मी आवळायचो. आवळून झालं की बाहेरनं दोन थापा मारायचो. मग सायेब इंजान वाढवायचं. वळून बघायचं न्हाईत. थापंवर इस्वास."

"मग?"

"एक दिस थापा पडल्या. पट्टं आवळायचं ऱ्हायलं हुतं."

मानसिंगनं हात मागं घेतला.

"वर जाऊन इमान उलटं झालं. सायेब... खाली आलं. इमान रिकामंच फुडं गेलं आन् तुरीच्या रानात बसलं. एक पंख मोडला, बास."

"थापा कुणी मारल्या, नाथाजी?"

नाथाजी हातातला पाना पुसत राहिला. पुसून झाला, तो परत पुसला...

तर आता त्या रात्रीकडं या. ट्रेलर घेऊन यायला म्हणून नाथाजी इस्लामपूरला गेलेला. चांदणं पिठासारखं पडलेलं. मानसिंगनं जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसवली. शेवटचा हात रात्रीच मारायचा असतो, वारा नसतो, चिलटं नसतात. कुशी आदल्या दिवशीच वाळलेली. राहिला होता वरचा पंख. रंगाची गन घेऊन तो लाकडी घोडीवर चढला आणि पिवळा मारला. एक ओघळ नाही. असा हात त्याला पुन्हा मारायला मिळणार नव्हता, हे त्याला माहीत होतं.

काम संपलं. कॉम्प्रेसर बंद केला. हात धुतले, भाकरी खाल्ली. मग विमानाजवळ येऊन उभा राहिला. उद्या ह्या वेळेला इथं मोकळी जमीन असणार. त्याला भरून आलं.

"जा बाई," म्हणाला. "सुखानं जा."

आणि हात उठला. सवयीचा हात, त्याला कोण सांगणार?

ढम्. ढम्.

हलगी वाजावी तशा दोन थापा शेडभर घुमल्या. मग त्याला नाथाजी आठवला.

मानसिंग तसाच उभा. रस्त्यावरच्या ट्रॉलीचं गाणं मघापासून ऐकू येत होतं. ते थांबलं. लांब गेलं नाही, थांबलं.

आत बक्कल वाजलं.

उंदीर असंल. मानसिंगनं बॅटरी घेतली. पाय घोडीच्या फळीवर ठेवला. बसायच्या खोबणीत उजेड टाकला.

खोबण रिकामी. गादी, दांडा, काचेच्या तबकड्या. आणि पट्टे...

पट्टे वर लोंबत होते.

नीट ऐका. खाली नाही. वर. बक्कलाचं टोक छताकडं. हलत होतं, हळूहळू... दाव्याचं टोक लोंबावं तसं. पण वर.

मानसिंगनं बॅटरी तशीच धरून ठेवली.

मग आतनं थापा आल्या. कापडाच्या आतल्या अंगानं.

ढम्. ढम्.

अर्थ फक्त त्यालाच कळणार होता. दुसरा असता तर ओरडत पळाला असता. मानसिंग क्लीनर होता. आतला विचारत होता. जाऊ का?

पट्टं आवळल्याबिगर...

मानसिंगनं हात उचलला. चार बोटांचा पंजा कापडावर नेला. त्यानं एकच थाप मारली.

ढम्.

थांब.

थांबलं. सगळं थांबलं. बक्कलसुद्धा हलायचं राहिलं.

मग त्यानं हात आत घातला. वर गेलेले पट्टे धरून खाली ओढले. जड होते. माणसाचं वजन असतं तेवढे जड. डाव्या खांद्याचा. उजव्या खांद्याचा. कमरेचा. बक्कल लावलं. रिकाम्या जागेवर पट्टे फुगून बसले, छातीवर बसावेत तसे. आणि जरा सैल, जरा ताठ... जरा सैल, जरा ताठ...

आता दोन थापा द्यायच्या. एवढंच काम.

मानसिंगनं दिल्या नाहीत.

तो रिकामा डबा पालथा घालून विमानाला टेकून बसला. भ्याला नव्हता, असं तो सांगतो. मला पटत नाही, पण तो सांगतो. बसला आणि बोलायला लागला. राहीबाई आजारी पडली, ते. शेवटी ती पाणी मागत होती आणि हा तांब्या शोधत राहिला, ते. संयोगिताला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगता सांगता थांबला की आत पट्टा करकरायचा.

कर्र...

हुंकार दिल्यासारखा.

किती दिवसांनी कुणीतरी हुंकार देत होतं. एक थाप दिलेली होती, तोवर हा कुठं जात नव्हता. उद्या वीरधवलला सांगायचं, रंग ओला हाय, परवा न्या. परवा सांगायचं, अजून एक हात लागंल. कोण विचारणार होतं?

चांदणं पत्र्याच्या फटीतनं सरकत खोबणीवर आलं. मानसिंगनं वाकून बघितलं. पट्टे पुढं ताणलेले होते. लय ताणलेले. गाडी सुरू करून, रस्त्याकडं डोळे लावून ड्रायव्हर बसावा, तसे. किती वर्षांचा बसलेला. दोन थापांसाठी.

क्लीनरचं एक असतं. रस्ता मोकळा असला की गाडी अडवायची नाही. आपल्याला एकट्याला मागं राहावं लागलं तरी नाही.

मानसिंग उठला.

"पट्टं आवळल्यात, सायेब," म्हणाला. "मी बघितल्यात."

ढम्. ढम्.

पट्टे सैल पडले. खाली. साधे पट्टे पडावेत तसे. करकर नाही. काही नाही.

शेड रिकामं झालं. आधी होतं त्याच्यापेक्षा रिकामं. मानसिंगला ते सोसेना. त्यानं कुशीवर एक थाप मारली.

ढम्.

वाट बघितली...

"थांबा की वाईच," म्हणाला. परत एक मारली.

ढम्.

...

आणि वरनं आवाज आला. अगदी वर, छताच्या पत्र्यावरनं. आतल्या बाजूनं.

धाड. धाड.

दोन.

सकाळी नाथाजी ट्रेलर घेऊन आला. मानसिंग डब्यावरच बसलेला. नाथाजीनं विमानाभोवती फेरी मारली, पंख बघितला, मान हलवली. मग पट्टे दिसले. बक्कल लावलेलं. त्यानं मानसिंगकडं बघितलं. मानसिंगनं छताकडं बघितलं. मग नाथाजीनंही.

त्यानं टोपी काढली, तोंडावर धरली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते.

विमान गेलं. मानसिंग अजून त्याच शेडात आहे. संक्रांतीनंतर मी मुद्दाम गेलो होतो. त्यानं चहा केला. म्हणालो, कशाला राहतोस रं हितं? त्यानं बोटानं वर दाखवलं.

पत्रा तिथं चांगला दोन-तीन पुरुष उंच आहे. तेवढी शिडी शेडात नाही. पत्र्याच्या आतल्या अंगाला पंजाचे दोन ठसे, शेजारी शेजारी. उजव्या हाताचे. पिवळे, त्याच डब्यातले. मी मान मोडेस्तोवर वर बघितलं आणि बोटं मोजली. मग चहाचा पेला पुढं करणाऱ्या मानसिंगच्या पंजाकडं बघितलं. परत वर बघितलं, परत मोजली.

पाच होती.