जाताना बारीक, येताना जाड

"पुन्हा तुंबली!" ईपे ओरडतच आला. त्याच्या हातातल्या पावावरचे चॉकलेटचे दाणे वाटभर सांडले होते. "सलग तिसरा दिवस. आणि रिक्स्ट, सगळे पाकेंचंच नाव घेतायत."

रिक्स्टने दुधाचा पेला होता तिथेच ठेवला आणि त्याच्यामागे धूम ठोकली.

पाके म्हणजे आजोबा. नेदरलँड्समधल्या फ्रिसलँडमध्ये आजोबांना पाकेच म्हणतात. बारा वर्षांची रिक्स्ट आणि तिचा दहा वर्षांचा आतेभाऊ ईपे दर उन्हाळ्यात तीन आठवडे पाकेंच्या जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला यायचे. ते मोटरहोम गेली बावीस वर्षं तळ्याकाठच्या याच कॅम्पिंगवर, याच सात नंबरच्या जागेत उभं राहायचं. ती जागा आजीने निवडली होती. आजी गेल्यावरही पाकेंनी दुसरी जागा कधी मागितली नाही.

घोळका मोरीपाशी जमला होता. मोटरहोममधल्या संडासाखाली एक चाकांची पेटी असते. ती भरली की प्रवासाच्या बॅगेसारखी ओढत न्यायची आणि कॅम्पिंगवरच्या मोरीत ओतून यायची. हे काम कुणालाच आवडत नाही आणि कुणालाच चुकत नाही. आज मोरी काठोकाठ भरली होती. व्यवस्थापक दूर्स्मा नाकाला रुमाल बांधून लांब आकड्याने आतले पांढरे लगदे ओढून काढत होते.

"कागद आहे," ते म्हणाले. "नुसता कागद. जरासुद्धा विरघळलेला नाही."

"मग त्यात विचारायचं काय?" नऊ नंबरच्या हूकझेमाबाई म्हणाल्या. "आम्ही सगळे मोटरहोमचा खास कागद वापरतो. पाण्यात पडला की विरघळतो. महाग पडतो, पण आणतो. दुकानातला सगळ्यांत स्वस्त रोल आणणारे इथे एकच आहेत."

"आणि सकाळी मोरीवर माझ्या आधी रोज तेच असतात," बारा नंबरचे फोप्पे म्हणाले.

पाके आपली रिकामी पेटी धरून उभे होते. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडायची नोकरी केलेला माणूस. बोलायची सवयच कमी. "बावीस वर्षं हाच कागद वापरतोय," एवढंच ते म्हणाले.

"आधीच्या व्यवस्थापकांनी चालवून घेतलं असेल," दूर्स्मा म्हणाले. "मी यंदा नवा आहे, पण मी स्वतः ऑफिसमागे मोटरहोममध्येच राहतो. मला यातलं कळतं. शनिवारी सकाळी दहाला सात नंबर रिकामा करा. पुढच्या वर्षीही तुमची नोंदणी घेणार नाही."

पाकेंनी मान हलवली आणि पेटी ओढत ते निघून गेले. रिक्स्टच्या डोक्यात तिडीक गेली. भांडले का नाहीत? खरं बोलत असेल तर माणूस भांडतो ना?

आज गुरुवार होता.

टेबल टेनिसच्या टेबलावर दोघं गाल फुगवून बसली असताना मराइन आली. मराइन म्हणजे हूकझेमाबाईंची अकरा वर्षांची मुलगी.

"तू जा," ईपे म्हणाला. "तू शत्रूच्या गाडीतली आहेस."

"आई म्हणजे मी नाही. आणि मलाही वाटतं, काहीतरी गडबड आहे. आईला कधी नव्हे ती इतकी घाई का झालीय नाव घ्यायची?"

रिक्स्टने तिच्याकडे निरखून पाहिलं. "बस," ती म्हणाली.

"मला वाटतं फोप्पेच," ईपे म्हणाला. "ते माझ्याकडे बघून हसतात."

"तुझ्याकडे बघून सगळेच हसतात."

इतक्यात फोप्पेच समोरून गेले, काखेत टॉयलेट पेपरचा रोल मारून. त्यात विशेष काही नाही. कॅम्पिंगवरच्या सामाईक संडासांकडे प्रत्येकजण आपापला रोल घेऊनच जातो आणि वाटेत भेटेल त्याला शुभ सकाळ म्हणतो. लाजायबिजायचं काही नसतं. पण रिक्स्ट एकदम ताठ बसली.

"अरे, सगळे संशयित रोज पुरावा काखेत मारून आपल्यासमोरून जातायत की!"

अर्ध्या तासात टेबलावर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीत अर्धी बरणी पाणी. जाणाऱ्या प्रत्येकाला ईपे अडवायचा. "एक तुकडा द्याल का? शाळेचा प्रयोग आहे." ईपे इतकं गोड खोटं बोलायचा की रिक्स्टला काळजीच वाटायची. पण लोक खुशाल द्यायचे. हूकझेमाबाईंनी तर दोन तुकडे दिले. "बघा, किती मऊ आहे. नाहीतर काहीजणांचा." असं म्हणून त्यांनी सात नंबरकडे पाहिलं.

रिक्स्टने पाकेंच्या रोलचा तुकडाही एका बरणीत टाकला. मराइनने प्रत्येक बरणीवर जागेचा नंबर लिहिला. मग तिघांनी बरण्या हात दुखेपर्यंत हलवल्या.

जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे तुकडे विरघळले होते. एकूण एक. आणि सर्वांत आधी कुठला विरघळला असेल? पाकेंचा, एकपदरी, सगळ्यांत स्वस्त. दहाव्या हिसक्यालाच त्याचं दूध झालं होतं.

"म्हणजे पाके निर्दोष," ईपे म्हणाला.

"म्हणजे सगळेच निर्दोष," मराइन म्हणाली. "मग मोरीतला कागद आभाळातून पडला का?"

कुणीतरी लपवत होतं. एक कागद दाखवायला आणि दुसरा वापरायला. पण कोण?

रिक्स्ट पाकेंचा आणखी एक तुकडा आणायला गाडीत गेली. पाके बाहेर पाण्याकडे तोंड करून पेपर वाचत होते. तिने संडासाजवळचं छोटं कपाट उघडलं. पुढे नेहमीचे बारीक रोल होते. त्यांच्यामागे हात घातला तर बोटांना काहीतरी वेगळं लागलं. जाड, गुबगुबीत. तिने तो रोल बाहेर काढून कड चाळवली. एक, दोन, तीन, चार पदर.

पाके खोटं बोलतात? ज्यांनी तिला कधी पत्त्यातसुद्धा फसवू दिलं नाही, ते? तिने रोल होता तसा मागे सारला आणि ती बाहेर पडली. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ती पॅनकेकचे नुसते तुकडे करत बसली.

"बरं नाही का?" पाकेंनी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे चोरून, संशयाने पाहिलं. असं पाहताना तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी सकाळी तिघं पुन्हा टेबलावर बसली. रिक्स्टचं मन लागत नव्हतं. ती येणाऱ्याजाणाऱ्यांकडे नुसती बघत होती. हूकझेमाबाई गेल्या. काखेत रोल होता, अगदी संपत आलेला, मनगटाएवढा. पाच मिनिटांनी बाई परत आल्या.

रिक्स्टने डोळे बारीक केले.

"मराइन, तुझ्या आईच्या काखेत बघ."

मराइनने पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंच्या काखेतला रोल आता कोबीच्या गड्ड्याएवढा होता.

मागोमाग फोप्पे. जाताना बारीक, येताना जाड. मग चार नंबरचे आजीआजोबा. जाताना एक बारीक, येताना दोन जाड. आणि सगळे परतताना पावलं जरा भराभर टाकत होते.

"आपण मूर्ख आहोत," रिक्स्ट म्हणाली. "आपण तुकडे जातानाच मागितले!"

ती धावत सामाईक संडासात शिरली. भिंतीवर नवाकोरा पत्र्याचा डबा होता, वर दूर्स्मांच्या अक्षरात पाटी: 'यंदापासून कागद आमच्याकडून.' एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्यांनी खोकेच्या खोके पडत्या भावात उचलले होते, हे ते येईल त्याला सांगायचे. डब्यात चारपदरी, गुबगुबीत रोल होते. इथे वापरायला त्यांची गरज कुणालाच नव्हती, कारण जो तो आपापला आणत होता. पण फुकट ठेवलेली वस्तू तशीच सोडून जाणं यांच्यापैकी कुणाच्या हातून होणार होतं?

डब्यातला एक तुकडा बरणीत पडला. तिघांनी आळीपाळीने शंभरदा हलवली. तुकडा आत ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला.

"हाच," मराइन म्हणाली.

ईपे मात्र नाक पुसत पुटपुटला, "असला एक आपल्या कपाटातही आहे. मी आणला. पाकेंचा कागद नाकाला खरखरीत लागतो. आणि माझं नाक बघतेस ना कसं गळतं ते."

रिक्स्ट त्याच्याकडे वळली. "आणि पुसून झाल्यावर टाकायचास कुठे?"

"गाडीतल्या संडासात. मग काय खिशात ठेवू?"

रिक्स्टला इतकं हलकं वाटलं की तिने आधी त्याला एक धपाटा घातला आणि मग मिठी मारली. पाके खरं बोलत होते! पण लगेच दुसरी पाल चुकचुकली. हे सगळं सांगायचं, तर ईपेचा रोलही सांगावा लागणार. तो लपवला, तर तीही हूकझेमाबाईंसारखीच.

"माझी आईसुद्धा यात आहे," मराइन हळूच म्हणाली. "तरी सांगायचं का?"

"सांगायचं," रिक्स्ट म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी आठला सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन ऑफिससमोर कॉफीला जमायचे. ऊन अजून तळ्यावर होतं. दूर्स्मा बिस्किटांचा डबा फिरवायचे. प्रत्येकी एक बिस्कीट, की झाकण बंद. पाके कडेला बसले होते. निघायची तयारी म्हणून त्यांनी दुपारीच गाडीच्या दारापुढचा सावलीचा पडदा गुंडाळून ठेवला होता.

रिक्स्टने टेबलावर बरण्यांच्या दोन रांगा मांडल्या. एकीपुढे पाटी होती 'जाताना', दुसरीपुढे 'येताना'. येतानाच्या रांगेत एकच बरणी होती.

"हे तुम्ही दिलेले कागद. सगळे विरघळले. पाकेंचा सगळ्यांत आधी. आणि हा नाही." तिने शेवटची बरणी हलवून दाखवली.

दूर्स्मांनी चष्मा वर केला. "हा तर माझा कागद आहे. पण सामाईक संडासाचा पाइप एकदाही तुंबलेला नाही."

"तिथे एकेका वेळेला किती पाणी सुटतं," रिक्स्ट म्हणाली. "गाडीतल्या पेटीत तांब्याभर पाण्यात तो दिवसभर नुसता भिजत पडतो. मग मोरीच्या वाकड्या पाइपात जाऊन बसतो."

"पण तो पेट्यांमध्ये गेला कसा?"

सगळ्यांना आपापल्या कपात अचानक काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं. रिक्स्टला नावं ठाऊक होती. नऊ, बारा, चार. पण तिने ती घेतली नाहीत.

"आमच्या गाडीत एक रोल आहे. तिथूनच आणलेला."

पाकेंनी मान वर केली.

"मी आणला," ईपे उभा राहून म्हणाला. "नाकासाठी. पाकेंना माहीत नव्हतं."

मराइनने आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. हूकझेमाबाईंनी कप खाली ठेवला. "आमच्याकडे तीन आहेत," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"माझ्याकडे चार," फोप्पे म्हणाले. "म्हटलं, इतके लोक आपला आणतात, तर हा कुणासाठी?"

"आमचे मोजले नाहीत," चार नंबरच्या आजी म्हणाल्या.

सगळे दूर्स्मांकडे वळले. दूर्स्मांचा चेहरा बिटासारखा झाला होता. त्यांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"माझ्या गाडीत अख्खा खोका आहे," ते म्हणाले.

आधी फोप्पे हसले, मग आजी, मग सगळेच. पाके मात्र हसले नाहीत. दूर्स्मा उठून त्यांच्यासमोर गेले. "मी चुकलो. सात नंबर तुमचाच आहे. तुम्ही संडासातला तो डबा कधी उघडला नाही का?"

"माझा रोल माझ्याजवळ असतो," पाके म्हणाले. "भिंतीकडे कशाला बघू?"

हूकझेमाबाईही आल्या आणि म्हणाल्या, "मला माफ करा. आणि पोरांनो, तुमच्याएवढं डोकं आम्ही चालवलं असतं तर ही वेळच आली नसती." मराइनने आईचा हात धरला.

शनिवारी सकाळी दहाला दूर्स्मा सात नंबरवर हजर झाले. हातात बिस्किटांचा डबा होता. "दोन दोन घ्या," ते तिघांना म्हणाले. ईपेने रिक्स्टकडे असं पाहिलं की जणू त्याला सबंध कॅम्पिंग बक्षीस मिळालंय. शिवाय नाकासाठी त्याला जाड रोलांचा एक खोका मिळाला, वापरून झालेला कागद कचऱ्याच्या डब्यातच टाकायचा या अटीवर. मोरी स्वच्छ वाहत होती.

दूर्स्मा गेल्यावर रिक्स्ट पाकेंशेजारी पायरीवर बसली.

"पाके, मी तुमच्यावर संशय घेतला होता. एक रात्रभर."

"ठाऊक आहे. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शोधत होतीस. म्हटलं, शोधू दे."

रिक्स्टचे डोळे भरून आले. पाकेंनी तळ्याकडे पाहिलं. त्यांची सगळ्यांत मोठी शाबासकी कुठली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोहायला शिकली तेव्हा आणि एकदा ईपेला पाण्यातून ओढून काढलं तेव्हा, अशी दोनदाच ती रिक्स्टला मिळाली होती.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," पाके तिसऱ्यांदा म्हणाले, आणि गुंडाळलेला पडदा पुन्हा लावायला उठले.